मयूरीच्या नावची सही

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. ओळखीच्या माणसासमोर हे बोलायला मी तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा भलतंच काहीतरी बोलून मिटलं. एकदा शेजारच्या हेमलताबेनसमोर. एकदा खास शिरपूरला भावाकडे गेले – एवढा एसटीचा प्रवास केला, आणि दोन दिवस भरिताच्या वांग्यांवर बोलून परत आले. तिसऱ्यांदा मयूरीसमोर. मयूरी माझी मुलगी, एकुलती एक. जे सांगायचं आहे ते सगळं तिचंच आहे – आणि तिलाच ठाऊक नाही.

मी शोभा. इथे सिल्वासात शोभाबेन. मसाटच्या एका धाग्याच्या कारखान्यात, क्वालिटीच्या लॅबमध्ये, सव्वीस वर्षं झाली. साहेबांशी हिंदीत भांडते, मशीनवरच्या बायकांशी गुजरातीत, आणि स्वतःशी अहिराणीत. भांडते म्हणजे काय – खरं ते तोंडावर बोलते. तशी ख्यातीच आहे माझी. ‘शोभाबेनने सोडला म्हणजे माल चोख,’ असं डिस्पॅचचे लोक म्हणतात, आणि मला ते ऐकून फार बरं वाटायचं. आता ऐकलं की मान खाली जाते. का, ते सांगते. घाई करू नका माझी – मला हे सरळ सांगता येणार नाही.

आधी आमचं काम सांगायला हवं, त्याशिवाय तुम्हाला माझी अक्कल कळायची नाही. एका लॉटमध्ये धाग्याचे शेकडो कोन – शंकूसारखी मोठी रिळं – असतात. सगळे कोण तपासणार? म्हणून त्यातला एक उचलायचा. त्याच्या धाग्याची मोज्यासारखी नळी विणायची, रंगात बुडवायची, वाळली की दिव्याखाली धरायची. रंग सगळीकडे सारखा चढला तर पास. कुठे फिका पट्टा दिसला – अगदी बोटभर का असेना – की सगळ्या लॉटवर लाल स्टिकर. माल अडला. मग तो काही टाकून देत नाहीत. विकतात, पण ‘सेकंड’ म्हणून, आणि गिऱ्हाइकाला आधी सांगून. न सांगता पाठवणं म्हणजे फसवणूक. ही शिस्त माझ्या हाडीमासी मुरलेली आहे. यात कोनाला कुणी विचारत नाही, की बाबा रे, तुझी तपासणी करू का. कोनाला काय विचारायचं असतं?

मयूरीचे बाबा राखोलीला एका कारखान्यात फिटर होते. हात असा, की मशीनला नुसता कान लावून काय बिघडलंय ते सांगायचे. मयूरी चार वर्षांची असेल, तेव्हा त्यांना मशीनमधून माणसं बोललेली ऐकू यायला लागली. मग घरातल्या पंख्यातून. मग भांड्यांमधून. एक दिवस मी शिफ्टवरून आले तर घरातलं प्रत्येक भांडं – चमचेसुद्धा – दाराबाहेर रांगेने लावून ठेवलेलं, आणि हे उंबऱ्यात बसलेले, घामाघूम. वापीचे मानसोपचाराचे डॉक्टर, दोनदा दवाखान्यात भरती, गोळ्या, गोळ्यांनी थरथरणारे हात, गेलेली नोकरी. पुढे पुढे बरंच शांत झालं. मयूरी वीस वर्षांची असताना हृदयाचा झटका आला आणि गेले. लोक विचारायचे, कसं काय हो झालं असं? मी ठरलेलं उत्तर द्यायचे – त्यांच्या घराण्यातच आहे ते, त्यांचा चुलता तसाच होता. हे उत्तर लक्षात ठेवा. पुढे लागेल.

मयूरीला मात्र वेगळेच बाबा आठवतात. बरे असले की ते तिच्या वेण्या घालायचे, फिटरच्या हातांनी, इतक्या घट्ट की शाळा सुटेपर्यंत एक केस हलत नसे. तिला सायकल त्यांनीच शिकवली, दमणगंगेच्या बाजूच्या रस्त्यावर. मला ती रांगेने लावलेली भांडी दिसतात, तिला त्या वेण्या. एका घरात राहून दोघींनी दोन माणसं बघितली म्हणायची. ती एकदा मला म्हणालीही होती, “आई, बाबा म्हणजे नुसता आजार नव्हते गं.” मी कुकरची शिट्टी मोजत होते, ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

ती नरोलीच्या शाळेत शिकवायला लागली, आणि रोजच्या शेअर इको गाडीमध्ये तिला हर्षल भेटला. मूळचा नाशिकचा, नरोलीतच एका कंपनीत इंजिनिअर, आईवडिलांना घेऊन इथेच आमलीला फ्लॅटमध्ये राहणारा. मुलगा कसा, तर आमच्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा नळाचा वायसर बदलून गेला. बोलणं ठरलं, दिवाळीनंतरचं लग्न ठरलं. मधे श्रावण आला. आमच्या खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. तिच्या प्रसादाचे रोट फक्त घरच्यांनी खायचे असतात, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, आणि उरवायचेही नाहीत. मी आयुष्यात कधी ही रीत मोडली नव्हती. त्या वर्षी हर्षलच्या ताटात मी माझ्या हाताने रोट वाढला. मयूरी माझ्याकडे बघतच राहिली, मग एवढी हसली, एवढी हसली, की तिला ठसका लागला. तो बिचारा विचारतोय, काय झालं, काय झालं? मी म्हटलं, खा गुपचूप. घरचा झालास.

हे मी मुद्दाम सांगितलं. मी दुष्ट बाई नाही, असं तुम्हाला वाटावं म्हणून की काय? असेलही. स्वतःला चोख दाखवायची सवय जात नाही.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी आमच्या कारखान्यात आरोग्य तपासणीचं शिबिर होतं. वजन, साखर, डोळे. कोपऱ्यात एका खासगी लॅबचं टेबल होतं, तिथून मी एक गुळगुळीत कागद उचलून आणला. घराण्यात मानसिक आजार असेल तर पुढच्या पिढीला त्याचा किती धोका आहे, ते रक्तातल्या जनुकांवरून बघता येतं – असं काहीसं. भीत भीत मी तो दोनदा वाचला. आणि खोटं कशाला बोलू – थोडं बरंही वाटलं. वीस वर्षं जी भीती नुसती घरभर फिरत होती, तिची तपासणी निघाली होती. तपासणी म्हटलं की मला हायसं वाटतं.

मयूरी शेवभाजी खात होती. मी तो कागद तिच्या ताटाशेजारी ठेवला. तिने पूर्ण वाचला. घाईघाईने नाही, नीट. मग म्हणाली, “नाही आई. मला नाही जाणून घ्यायचं.”

मी म्हटलं, अगं, नुसतं बघायला काय जातं? तर म्हणाली, “जातं. एकदा कळलं की मी रोज सकाळी उठून स्वतःकडेच बघत बसेन. जास्त हसले तर वाटेल, हे जरा जास्तच झालं का? एक दिवस उदास वाटलं, की आलं वाटतं! बाबांना त्रास झाला तो झाला, पण आजार येईपर्यंत तरी ते त्यांचे होते ना? माझं मी बघेन. माझं रक्त आहे, आई.” एवढं बोलून तिने शेवेचा डबा पुढे ओढला आणि वरून आणखी मूठभर शेव घेतली. विषय संपला. तिचा संपला.

मी वापीच्या त्याच डॉक्टरांकडे गेले, ज्यांनी ह्यांना बघितलं होतं. म्हातारे झालेत आता. ते म्हणाले, बाई, अशी तपासणी करून आम्ही कुणाचं भविष्य सांगत नाही, आणि मुलगी नको म्हणत असेल तर तो प्रश्नच उरत नाही. इतकं स्वच्छ सांगितलं. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, म्हातारा मागे पडलाय.

बघा, अजून मी मुद्द्यावर आलेले नाही. येते.

मयूरीचे तेव्हा केस फार गळत होते, थकवा यायचा. थायरॉइड बघून घेऊ, म्हटलं, घरी येऊन रक्त घेतात. ती हो म्हणाली. मी फोन करून त्या खासगी लॅबचीच बाई बोलावली. दोन्ही तपासण्या सांगितल्या. रविवारी सकाळी ती आली, मयूरीने बाही वर केली. एक ट्यूब भरली. दुसरी लावली तेव्हा मयूरीने विचारलं, “थायरॉइडला एवढं रक्त?” मी म्हटलं, “लागतं.”

एक शब्द. पण त्याच्याआधी आणखी एक झालं होतं. त्या बाईने दारातच फॉर्म पुढे केला होता – पेशंटची सही. मयूरी केस विंचरत होती आत. मी म्हटलं, आणते सही करून. स्वयंपाकघरात गेले, ओट्यावर कागद ठेवला. वर छापलेलं होतं – मला ही तपासणी समजावून सांगितली आहे आणि मी ती स्वतःच्या इच्छेने करत आहे. खाली मी सही केली. मयूरीच्या नावची. तिच्या सहीतल्या ‘री’ची वेलांटी मागे लांब जाते, ती सुद्धा तशीच काढली. कारखान्यातल्या लॅबच्या रजिस्टरवर आम्ही एकमेकींच्या सह्या सर्रास करतो – माझ्या जोडीची रमिला चहाला गेली की तिची मी, मी गेले की माझी ती. कुणाचं काही बिघडत नाही. त्या दिवशी ओट्याजवळ मला खरोखर तेवढंच वाटलं – राहिलेली एक सही.

दोन्ही अहवाल माझ्या फोनवर आले, कारण नंबर मी माझा दिला होता. थायरॉइडचा मयूरीला दाखवला, दुसरा नाही. त्या दुसऱ्यात एक रंगीत पट्टी होती, हिरवी, पिवळी, लाल, आणि वर एक बाण. बाण पिवळ्याच्या पुढे, लाल सुरू होतो तिथे. खाली दोन पानं बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलेलं होतं – हे निदान नाही, असा बाण असलेली बहुतेक माणसं आयुष्यभर निरोगी राहतात, वगैरे. मी ते वाचलं. वाचलंच नाही असं म्हणणार नाही. पण इतकी वर्षं रंग बघणाऱ्या बाईने रंग बघितला होता. मी पट्टीवर लाल बघितलं, संपलं.

मग मी काय केलं? मयूरी जे म्हणाली होती, ते मीच सुरू केलं. रोज सकाळी तिच्याकडे बघायला लागले. ती खळखळून हसली की माझं लक्ष घड्याळाकडे – किती वेळ हसते? फोनवर हळू बोलली की दाराआड कान. भांडी घासताना एकटीच गुणगुणत होती, तर मी हातातली पोळी तशीच टाकून बघायला गेले, की गाणंच आहे ना. “अशी काय बघतेस गं?” ती विचारायची. काही नाही, मी म्हणायचे. पोर माझ्यासमोर हसायचीच थांबली. मग मला वाटलं, बघा, गप्प गप्प राहायला लागली.

आणि एका शनिवारी मी अर्धी सुट्टी टाकून आमलीला गेले.

हर्षलच्या आईने दार उघडलं. लग्नाच्या याद्यांची वही टेबलावर होती. मी त्यांना ह्यांच्या आजाराबद्दल सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. “शोभाताई, ठाऊक आहे आम्हाला. मयूरीने पहिल्याच महिन्यात सांगितलंय हर्षलला. आम्ही घरात बोललो. म्हटलं, पोरगी सरळ आहे, आणखी काय हवं?”

ऐकलंत? तिने सांगितलं होतं. स्वतःहून, स्वतःच्या तोंडाने, जेवढं तिचं सांगायचं होतं तेवढं. आणि त्यांनी ते पदरात घेतलं होतं. मी तिथूनच चहा पिऊन उठायला हवं होतं. मी नाही उठले. मी म्हटलं, “ते वेगळं. हे लॅबचं आहे.” आणि पर्समधून तो कागद काढला – छापून घेऊन गेले होते मी, रंगीत. माल सेकंड आहे, गिऱ्हाइकाला आधी सांगायचं. तोंडाने हे म्हटलं नाही, पण डोक्यात अगदी ह्याच शब्दांत होतं. आपल्या पोटच्या पोरीबद्दल. आणि वर स्वतःचं कौतुक, की बघा, शोभाबेन कशी चोख, स्वतःच्या घरचंही झाकत नाही!

त्यांनी बारीक अक्षर वाचलं नाही. त्यांनीही बाणच बघितला. चेहरा उतरलेला दिसला मला, हळूहळू. मग त्यांनी कागद घडी करून माझ्याकडे परत दिला आणि विचारलं, “मयूरीला ठाऊक आहे हे?”

मी म्हटलं, नाही. आणि कळू देऊ नका.

“मग आम्ही तिला सांगायचं काय?”

तेव्हा मी – मीच – म्हटलं, “पत्रिकेचं सांगा.”

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. पत्रिका जमत नाही म्हणाल्या, आवाज पडलेला. मयूरीला खरंच वाटेना. “पत्रिका? ह्यांनी माझी जन्मवेळसुद्धा कधी विचारली नव्हती!” ती हर्षलला भेटायला गेली आणि तासाभरात परत आली. चप्पलही न काढता मोरीच्या कट्ट्यावर बसली. म्हणाली, “नजरेला नजर देईना गं. काय झालं ते सांगेचना. आईचं ऐकावं लागतंय, एवढंच. निदान खरं तरी सांगायचं! असला भित्रा माणूस होता, आणि मला कळलं नाही?” मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, “बरं झालं बाई, आधीच कळलं.”

तो भित्रा नव्हता. त्याला आईने सांगितलं असणार, आणि ‘मयूरीला कळू देऊ नका’ हेही सांगितलं असणार. मयूरीला जे जाणून घ्यायचं नव्हतं, ते त्याने तिला कळू दिलं नाही – शिव्या खाल्ल्या, पण नाही. लग्न मोडायला नको होतं त्याने, हे खरं. पण तिच्या त्या नकाराचा मान आख्ख्या जगात जर कुणी राखला असेल, तर तो त्याने. पुढे एकदा बसस्थानकात दिसला मला. हात जोडून नमस्कार केला आणि बाजूला झाला. मला त्याने तोंडावर चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मयूरी पुढच्या जूनला पुण्याला निघून गेली, तिथल्या शाळेत. आता एकतीस वर्षांची आहे. स्थळं बघायची का, विचारलं की म्हणते, नको गं, माणूस ओळखता येत नाही मला, एकदा अंदाज चुकलाय. तिचा अंदाज चुकला नव्हता. तिला वाटतंय चुकला, कारण मी तसं वाटू दिलं. लग्न मोडलं हे एक, पण तिचा स्वतःवरचा विश्वास मोडला, आणि तो मोडलेला बघत मी समोर बसले.

ती ठणठणीत आहे, हे विचाराल म्हणून सांगते. शाळेत मुलांची नाटकं बसवते, डोंगर चढायला जाते. पण मला एक कळून चुकलंय. ती बरी आहे म्हणून माझं कृत्य मोठं होत नाही, आणि उद्या ती आजारी पडली तरी ते लहान होणार नाही. बाण खरा की खोटा, हा प्रश्नच नव्हता. ‘नको’ म्हणाली होती ती.

मी इथेच आहे, दोन खोल्यांत. शिफ्टवरून आले की टीव्ही लावते, बघत नाही. घरात आवाज हवा म्हणून. कधी कधी दिवसभरात लॅबबाहेर मी एकच वाक्य बोललेली असते, रिक्षावाल्याशी. कानबाई अजून बसवते. रोट बाहेर द्यायचे नाहीत आणि उरवायचेही नाहीत, मग एकटीच खाते, तीन तीन दिवस, दुधात भिजवून. चौथ्या दिवशी घास फिरतो तोंडात. हेमलताबेन विचारतात, एकटीसाठी एवढं कशाला करता? हसते झालं.

थांबा. मी सगळं सांगितलं असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही वाटलं होतं, इथे थांबावं. पण एक राहिलंय. तेच खरं म्हणजे.

अहवाल आल्यानंतर दोन आठवड्यांनी, आमलीला जायच्या आधी, त्या खासगी लॅबमधून एका मुलीचा फोन आला होता. अहवाल समजावून सांगायला त्या फोन करतात. गोड आवाज. “मयूरी मॅडम बोलताहेत का?”

मी म्हटलं, “हो.”

सही केली होती, आता आवाजही दिला. तिने मला मयूरी समजून पंधरा मिनिटं समजावलं, की घाबरू नका, ह्याचा अर्थ आजार होणार असा नाही, लगेच कुठलाही निर्णय घेऊ नका. मी हूं हूं करत होते. मग ती म्हणाली, “कुठल्या बाजूने काय आलंय, ते बघायला आईवडिलांपैकी कुणाचं सॅम्पल मिळालं तर जरा नीट कळेल.” मी म्हटलं, वडील गेले. “मग आईंचं? त्यांना विचारून बघाल? त्यांची इच्छा असेल तरच हं, मॅडम.”

तुम्हाला सांगते – माझ्या आईची धाकटी बहीण, माझी मावशी, केस मोकळे सोडून दिवस दिवस देवळाच्या पायरीवर बसायची आणि कुणाकुणाशी बोलायची. घरात म्हणायचे, तिच्या अंगात येतं. मी तिला जेवण नेऊन द्यायचे लहानपणी. ती ताट घ्यायची आणि बाजूच्या रिकाम्या जागेला म्हणायची, तूही बस. लग्न झाल्यापासून मी मावशीचं नाव कधी काढलं नाही. ह्यांच्याकडे नाही, मयूरीकडे नाही, डॉक्टरांनी घराण्याबद्दल विचारलं तेव्हाही नाही. ‘त्यांच्या घराण्यातच आहे ते’ – हे मी वीस वर्षं म्हटलं, ते मावशीला झाकून म्हटलं. आणि आता ही पोरगी मला माझं रक्त मागत होती.

मी म्हटलं, “आईला नाही जाणून घ्यायचं.”

मयूरीचे शब्द. जसेच्या तसे. शेवभाजीच्या ताटासमोर बसून ती जे म्हणाली होती, ते मी स्वतःसाठी वापरलं, तिचाच आवाज असल्याचं भासवून. आणि ती मुलगी काय म्हणाली माहीत आहे? “ठीक आहे मॅडम. तो त्यांचा अधिकार आहे.” एवढंच. का, कशाला, नुसतं बघायला काय जातं – काही म्हणजे काही नाही. एका वाक्यात तिने मला सोडलं. मी फोन ठेवला, आणि मला इतकं मोकळं वाटलं, इतकं मोकळं! त्याच आठवड्यात मी आमलीला गेले.

गेल्या रविवारी मयूरीचा फोन आला. ती दर रविवारी सकाळी करते, चुकवत नाही. त्यांच्या शाळेतल्या एका शिक्षिकेने म्हणे अशीच तपासणी करून घेतली, आणि तेव्हापासून ती धड झोपत नाही, जेवत नाही, वर्गात मधेच थांबते. एवढं सांगून मयूरी म्हणाली,

“आई, मला तुला एक सांगायचं होतं. तू तेव्हा तो कागद आणला होतास, आठवतं? मी नको म्हटलं आणि तू पुन्हा विषय काढला नाहीस. दुसऱ्या कुठल्या आईने ऐकलं नसतं. माझं सगळं बिनसलं तेव्हासुद्धा हे एक होतं माझ्याकडे – की माझी आई माझं ऐकते. थँक यू म्हणायचं राहून गेलं होतं गं.”

बोलायची जागा होती ती. तीच. फोन कानाला, घरात कुणी नाही, टीव्हीसुद्धा बंद. मी श्वास घेतला. तिला तो ऐकू गेला असणार, कारण ती म्हणाली, “काय गं?”

मी विचारलं, “जेवलीस का?”

“अगं, सकाळचे नऊ वाजलेत,” ती म्हणाली, आणि हसली. खूप वेळ हसली. आणि मी – अजूनही – घड्याळाकडे बघितलं.